वाचणारीची मूठ

"बाई, आज कुणाला मारणार?" ठमानं विचारलं आणि अख्खी शेड हसली.

प्रमिलाबाई पण हसल्या. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. कालपर्यंत चाललेलं निळ्या पुठ्ठ्याचं नव्हतं ते. हे जाड होतं, पाठीला कापडाची पट्टी डकवलेली होती.

"ते घोडेवाल्याचं कुठं गेलं?" मी विचारलं. "त्याची बायको सापडायचीय अजून."

"ते राहू दे आता. त्याला पुढे दम नाही. मी पण अर्धंच वाचलंय," बाई म्हणाल्या. "हे ऐका. ट्रंकेच्या तळाशी होतं. दुसऱ्याच देशातलं आहे. तिथं हिवाळ्यात समुद्र गोठतो."

"मंग मासे काय करत्यात?"

"मासे खाली पोहतात. वरून माणसं गाड्या हाकतात."

"थापा," ठमा म्हणाली. पण तिनं सूप मांडीवर ओढलं, कातर उचलली आणि मान हलवली. म्हणजे, करा सुरू.

सिन्नरला बिडीच्या शेडमध्ये आम्ही बसायचो तेव्हाची ही गोष्ट. माझ्या मंजूचं लग्न ठरलं होतं त्या सालची. सकाळी मांडीवर सूप घ्यायचं, पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. दिवस मावळेपर्यंत तेच. हातांना सवय झाली की डोकं रिकामं राहतं. त्या रिकाम्या डोक्यात आधी भांडणं असायची. प्रमिलाबाई आल्यापासून गोष्टी असायच्या.

बाई मॅट्रिक झालेल्या. त्यांचा नवरा नाशिकला एका वाचनालयात कारकून होता. तिथून जुनी म्हणून काढून टाकलेली पुस्तकं तो घरी आणायचा. तो वारला तेव्हा बाईंच्या वाट्याला एक मुलगा आला आणि ट्रंकभर पुस्तकं. पुस्तकं सगळी इंग्रजी, पण इंग्रजांची थोडीच. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी आपापल्या भाषेत लिहिलेली, मग कुणीतरी इंग्रजीत केलेली. बाई ओळीवर बोट ठेवायच्या आणि त्यांच्या तोंडून मराठी निघायचं. आम्ही तोंड उघडं ठेवून बघत राहायचो. मला तर तेव्हा माझं नावही लिहिता येत नव्हतं.

शेडची एक रीत पडून गेली होती. वाचणारीनं वळायचं नाही. तिनं वाचायचं आणि संध्याकाळी प्रत्येकीनं आपल्या सुपातली मूठभर बिडी तिच्या सुपात टाकायची. तिचा दिवस आमच्या मुठींनी भरायचा. बिड्या तपासून घेणारा चेकर बघून न बघितल्यासारखं करायचा, कारण गोष्ट चालू असली की बायका उठत नसत, मुतायलासुद्धा. बाईंची बोटं त्यामुळे मऊ राहिली होती. आमच्यासारखी काळी पडली नव्हती.

त्याच बाईंच्या विलासला मंजू दिलेली. मागणी त्यांनीच घातली होती. "गोदा, तुझी पोर मला दे," असं सगळ्या शेडसमोर म्हणाल्या होत्या. सुपारी फुटली, साखरपुड्याची साडी झाली. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली. विलास पोस्टात चिकटला होता. माझ्यासारखीच्या मुलीला पोस्टातला नवरा! मी रात्री उठून उठून त्या साडीवर हात फिरवायचे.

आणि म्हणूनच मला वाटलं की बाईंपासून काही लपवायला नको. आता ही माझी विहीण. एक दिवस मी त्यांच्या घरी गेले आणि जी गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा, तो जाईपर्यंत, सांगितली नव्हती ती त्यांना सांगितली. त्यांनी माझा हात हातात घेतला. "गोदा," म्हणाल्या, "माझ्या पोटात राहील. विसर आता ते."

नवं पुस्तक त्यानंतर आलं.

पहिले काही दिवस नुसता बर्फ होता. ठमा कंटाळली. "बाई, तुमच्या या गावात थंडीशिवाय काय हाय का न्हाई?" बाई म्हणाल्या, "थांब जरा. आता उपासाचा हिवाळा येतो."

तो आला. मासे मिळेनात, पीठ संपलं, लोक चामडं उकळून खायला लागले. दुष्काळ आम्हाला कुणी शिकवायला नको होता. बहात्तर साली आम्ही सगळ्या दुष्काळी कामावर खडी फोडत होतो, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होतो. शेडमध्ये नुसता कातरींचा आवाज.

"त्या गावात एक बाई होती," बाईंनी वाचलं. "तिला जुळं झालेलं होतं. एक मुलगा, एक मुलगी. नवरा लांब कामाला गेलेला. तिच्या अंगावर एकालाच पुरेल एवढं दूध होतं. एक दिवस बर्फावरून व्यापाऱ्यांची गाडी आली. त्यात एक नवराबायको होते, त्यांना मूल नव्हतं."

माझ्या हातातलं पान फाटलं. मी दुसरं घेतलं.

"तिनं मुलगा त्यांना दिला. त्यांनी तिच्या पायाशी पिठाचं पोतं टाकलं. गावाला सांगितलं, मुलगा मेला."

"मुलगा दिला?" ठमा ओरडली. "आन् पोरगी ठेवली? येडी का खुळी?"

बाईंनी पुस्तकावरून नजर उचलली. कुणाकडे बघितलं नाही, पत्र्याकडे बघितलं. "तिला कुणीतरी नंतर विचारलं, मुलगा का दिलास? ती म्हणाली, मुलाला घेणारे भेटले. मुलीला कोण घेणार होतं?"

ते माझं वाक्य होतं. त्यांच्या घरी, त्यांच्या चटईवर बसून मी जसं बोलले होते तसंच्या तसं.

खडीच्या ट्रकवर एक ड्रायव्हर यायचा. त्याची बायको बरोबर असायची. नवरा लांब दुसऱ्या कामावर होता. माझी दोन्ही लेकरं झोळीत होती, दोघांचंही रडणं बंद झालं होतं. रडणं बंद झालं की काय होतं ते मी शेजारच्या झोळ्यांमध्ये बघितलं होतं. त्या बाईनं मुलगा उचलला आणि खाली ठेवेचना. मी म्हणाले, ने. ट्रक गेला तेव्हा माझ्यापाशी अर्धं पोतं मिलो होता. मी मागितला नव्हता. पण मी तो परतही केला नाही. दळला, खाल्ला, अंगावर दूध आलं, मंजू जगली.

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग गावाला कळलं," बाई म्हणाल्या. "सकाळी गावातल्या बायका उठल्या. प्रत्येकीनं आपल्या चुलीतली मूठभर राख घेतली, आणि एकेक करून तिच्या दारात टाकून आली. ती बाहेर आली, राखेकडे बघितलं आणि गोठलेल्या समुद्रावर चालत निघाली. चालता चालता बर्फ फुटला."

"बरं झालं," ठमा म्हणाली. "आसल्या रांडंला बरं झालं." मग तिची नजर माझ्या सुपावर गेली. "गोदे, तुहे हात का थांबले गं?"

मी खाली बघितलं. खरंच थांबले होते. बिडी वळणारीचे हात थांबत नाहीत. घरात मयत झाली तरी आम्ही सुतकातून उठल्या उठल्या वळत बसतो. शेडमधल्या सगळ्या बायका माझ्या हातांकडे बघत होत्या.

"तुह्या मंजूच्या जोडीचा एक होता ना?" ठमानं हळू विचारलं. "दुष्काळात गेला म्हणत होती तू."

मला बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की हो, गेला. ते तोंडातून निघेना.

बाईंनी पुस्तक मिटलं. "अगं, गोष्ट आहे ती," त्या म्हणाल्या. "गोदाला कशाला विचारता? तिला किती त्रास होईल, कळत नाही का?"

झालं. उरलंसुरलं त्यांनी त्या वाक्यात सांगून टाकलं.

संध्याकाळी मी माझी मूठ घेऊन बाईंच्या सुपाकडे गेले तर ठमानं सूप बाजूला ओढलं. "तुही मूठ नको," म्हणाली. बाई पिशवी आवरत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सुपात राख होती. कातरीवर, पानांच्या जुडीवर, बसायच्या पोत्यावर. एका मुठीची नव्हती ती. कुणाच्या घरी शेणी जळायच्या, कुणाच्या घरी लाकूड, कुणाकडे कोळसा. पांढरी, काळी, करडी, सगळी राख होती. घरून पुडीत बांधून आणलेली. बायका माना खाली घालून वळत होत्या. एक बारीकशी हसली, तशी दुसरीनं तिला कोपर मारलं.

मी सूप झटकलं आणि घरी आले.

रात्री बाई आल्या. चहा ठेवला तर नको म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी आम्ही विलासला दिलेलं धोतरपान काढून ठेवलं, टोपी काढून ठेवली.

"गोदा, माझ्या मनात काही नाही," त्या म्हणाल्या. "पण लोकांच्या तोंडाला कसं धरायचं? विलास म्हणतो, पोस्टात सगळ्यांना कळलं. उद्या लग्नात कुणी राख आणली म्हणजे?"

"बाई, तुम्ही माझा हात हातात घेतला होता."

"मी तुझं नाव घेतलं का कुठे? एकदा तरी?"

ते खरंच होतं. नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

मी विचारलं, "पुस्तकात खरंच राख टाकली तिच्या दारात?"

बाई उठता उठता थांबल्या. "पुस्तकात आहे ते मी वाचलं," म्हणाल्या. "मी काय मनाचं सांगते?"

मंजू पडद्याआड होती. बाई गेल्यावर ती बाहेर आली, साखरपुड्याच्या साडीची घडी बाईंच्या मागून रस्त्यात देऊन आली. आली ती माझ्यासमोर बसली.

"आई," ती म्हणाली, "मला का ठेवलंस?"

मी सांगायला लागले की मुलीला कोण... पण तिनं हात वर केला. ते वाक्य तिनं आता बाहेर पुरेसं ऐकलेलं होतं.

तिला मग कोपरगावकडच्या एका बिजवराला दिली. त्याला पहिल्या बायकोची दोन मुलं होती आणि दारू होती. काही वर्षांनी ती परत आली, वैशूला कडेवर घेऊन. तेव्हापासून आम्ही दोघी घरीच वळतो. शेडमध्ये मी पुन्हा गेले नाही.

ठमानं राख टाकली याचं मला फार वाटलं नाही. ठमा कुणाच्याही सुपात टाकेल. लग्न मोडलं याचंही दुःख जुनं होत गेलं. पण एक गोष्ट जुनी होईना. तो बर्फाच्या गावचा लिहिणारा मला ओळखत नव्हता. त्याचं माझं भांडण नव्हतं. समुद्रापलीकडे बसून त्यानंही राखच लिहिली. म्हणजे जगात कुठेही गेले असते तरी, ज्या गावात माझी भाषा कुणाला कळत नाही तिथंसुद्धा, सकाळी उठून बायकांनी हेच केलं असतं. त्या विचारानं मला फार छळलं. सिन्नर सोडून जाता येतं. जग सोडून कुठं जाणार?

साक्षरतेचा वर्ग सुरू झाला तेव्हा माझे केस पिकले होते. मारुतीच्या देवळात पाटी घेऊन बसायचो. शिकवणारी पोर म्हणायची, आजी, सही आली की पुरे. मी म्हणायचे, पुरे नाही. मराठी आलं. मग वैशू शाळेतून आली की तिची इंग्रजीची पुस्तकं घेऊन बसायला लागले. ती हसायची. "आजे, तुला कलेक्टर व्हायचंय का?" तिची जुनी डिक्शनरी मी शब्दाशब्दानं झिजवली. एक पान वाचायला आठवडा लागायचा, मग दिवस लागायला लागला. कशासाठी ते मी कुणाला सांगितलं नाही. ती राख कुठं लिहिली आहे ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पुस्तक मात्र बाईंच्या ट्रंकेत होतं.

बोलावणं त्यांच्याकडूनच आलं. साखरेनं त्यांचे डोळे गेले होते. विलासची बायको विद्या निरोप घेऊन आली. "मावशी, तुम्ही इंग्रजी वाचता म्हणे. आमच्या सासूबाईंना दोन पानं वाचून दाखवाल? मला येत नाही, यांना वेळ नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात."

मंजू म्हणाली, "कशाला जातेस? मरू दे तिला."

मी म्हणाले, "पुस्तकं बघून येते."

बाई खाटेवर बसल्या होत्या. पांढऱ्या, लहानशा. "गोदा का?" त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. मागचं काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. मी वाचायला लागले तशा त्या म्हणाल्या, "अगं, असं तोडून तोडून काय वाचतेस? बिड्या मोजतेस का?"

"शिकवणारी चांगली भेटली नाही, बाई."

रोज जायला लागले. अवघड गेलं की त्या अर्थ सांगायच्या, जड शब्द कसा म्हणायचा ते दाखवायच्या. विद्या खूश. चहा मिळायचा. एक दिवस मी विचारलं, "ते बर्फाच्या गावाचं कुठाय?"

"ते हरवलं," बाई लगेच म्हणाल्या. "वाळवी लागली होती."

ते माझ्या गुडघ्याशी होतं. ट्रंकेच्या तळाशी, पाठीला कापडाची पट्टी. मी ते पिशवीत टाकलं. त्यांना दिसणार नव्हतं.

घरी ते वाचायला एक पावसाळा गेला. बाई खोटं बोलल्या नव्हत्या, उपासाचा हिवाळा होता त्यात. मूल दिलेली बाईही होती. जुळं नव्हतं, मोठा मुलगा आणि तान्ही मुलगी होती. माझं वाक्य मला कुठंच सापडलं नाही. पुढं सकाळ झाली, बायका उठल्या. मूठ हा शब्द मला येत होता. त्याच्या पुढचा पण येत होता, पण मी डिक्शनरीत बघितला. मग दिवा जवळ घेऊन परत बघितला.

पीठ होतं ते.

उपाशी गावातल्या बायकांनी घराघरातून मूठ मूठ पीठ आणलं आणि तिच्या उंबऱ्यावर ठेवलं. दार वाजवलं नाही. ती बाहेर आली, पीठ पदरात गोळा केलं, आत नेलं, भाकरी केली, आणि रडत रडत सगळी खाल्ली. बर्फ कुठं फुटलाच नाही.

मी पुस्तक मिटलं आणि सूप मांडीवर ओढलं. मंजू म्हणाली, "आई, हात का थांबले?"

दुसऱ्या दिवशी विद्या मटार सोलत बसली होती. मी म्हणाले, "बाई, आज मराठीतून सांगत वाचते. सूनबाईंनाही कळेल." आणि सुरू केलं. पान मी उपासाच्या हिवाळ्याचंच काढलं होतं. समुद्र गोठला तेव्हा बाईंची मान ताठ झाली.

"हे नको," त्या म्हणाल्या. "दुसरं घे."

"छान आहे की, सासूबाई. वाचू द्या ना," विद्या म्हणाली.

मी तो हिवाळा वाचला, व्यापाऱ्यांची गाडी वाचली. काही गाळलं नाही. बाईंची बोटं गोधडीचा टाका उसवत होती. अजून मऊ होती ती बोटं.

"सकाळी गावातल्या बायका उठल्या," मी वाचलं, "आणि प्रत्येकीनं मूठ भरली."

मी थांबले.

"कशाची मूठ?" विद्यानं विचारलं.

"तुमच्या सासूबाईंना ठाऊक आहे. बाई, सांगा ना."

विद्या मटार सोलायची थांबली.

"पिठाची," बाई पुटपुटल्या.

"नाही, बाई," मी म्हणाले. "तुम्हाला आता दिसत नाही. इथं राख लिहिलीय."

"पीठ आहे तिथं, गोदा. मला पाठ आहे ते."

"राख," मी म्हणाले. "प्रत्येकीनं मूठभर राख तिच्या दारात टाकली. मग ती बर्फावर चालत गेली आणि बर्फ फुटला."

बाईंनी हात पुढं केला. मी पुस्तक पुढं धरलं. त्या पानावर बोटं फिरवत राहिल्या, वरून खाली, परत वरून खाली, जणू अक्षरं हाताला लागतील. "पीठ आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "विद्या, तू बघ. पीठ आहे तिथं."

"मला इंग्रजी कुठं येतं?" विद्या घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "मावशी, खरं काय आहे मग?"

"पुस्तकात आहे ते मी वाचलं," मी म्हणाले. "मी काय मनाचं सांगते?"

मला वाटलं होतं, आता बोलावणं येणार नाही. आलं. त्यांना वाचून दाखवणारं दुसरं आहे कोण? मी अजून रोज दुपारी जाते.

गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "गोदा, ते घोडेवाल्याचं निळं पुस्तक आहे का बघ. माझं अर्धं राहिलं ते. त्याची बायको सापडते का ते बघायचंय."

मी वाचायला घेतलं. बाई शहाण्या मुलीसारख्या ऐकायच्या, मध्ये बोलायच्या नाहीत. संपत आलं तसं त्यांचं जेवणात लक्ष लागेना. परवा शेवटचं पान आलं. त्यात तो घोडेवाला एका घाटावर उतरतो, आणि समोर ती असते. जिवंत. कपडे धूत असते, वर बघते, आणि त्याला ओळखते.

"मग?" बाईंनी विचारलं. त्यांनी माझा पदर धरला होता. "मग, गोदा? सापडली का?"

"नाही, बाई," मी म्हणाले. "नाही सापडत ती."